तोर्तेल्लिनी की तोर्तेल्लोनी : बोलोन्यातले चार आठवडे

बोलोन्या या शहराला इटालियन लोक तीन विशेषणे लावतात : ‘ला दोत्ता, ला ग्रास्सा, ला रोस्सा’, म्हणजे विदुषी, लठ्ठ आणि तांबडी. १०८८ साली स्थापन झाल्याचे मानले जाणाऱ्या विद्यापीठामुळे ती विदुषी, विटांच्या आणि गेरूच्या रंगाच्या भिंतींमुळे तांबडी (तिथल्या डाव्या राजकारणामुळेही, असे कोणीतरी हळूच सांगते), आणि अंडी, लोणी, चीज व डुकराचे मांस यांवर पोसलेल्या स्वयंपाकामुळे लठ्ठ. या लठ्ठ नगरीत महिनाभर राहायचे, सकाळी इटालियन शिकायचे आणि उरलेल्या वेळात खायचे असे आम्ही दोघांनी ठरवले, तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढले. मी शाकाहारी आहे, अंड्यापलीकडे माझी मजल जात नाही. हे मात्र परदेशी जाणाऱ्या विमानात बसले की कसलाही विधिनिषेध पाळत नाहीत.

काही वर्षांपूर्वी एका सहलीत आम्ही रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस बसच्या खिडकीतून पाहिले होते आणि तिथे बारा दिवसांत एकाही इटालियन माणसाशी बोललो नव्हतो. ती रुखरुख मनात होती. या वेळी एकच शहर, एकच घर आणि एकच शाळा असे पक्के केले. महिनाभराच्या भाषावर्गासाठी वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही, नव्वद दिवसांच्या आतला साधा शेंगेन व्हिसा पुरतो. तिकिटे, विमा आणि घर ही बाकीची कामे नेहमीसारखीच झाली.

शनिवार, ४ ऑक्टोबर

विमानतळावरून स्टेशनपर्यंत एकरुळी गाडी आहे आणि ती दहा मिनिटांच्या आत पोहोचवते. स्टेशनच्या भिंतीवरचे घड्याळ दहा पंचवीस दाखवत होते, प्रत्यक्षात दुपारचे तीन वाजले होते. ‘यांच्याकडेही स्टेशनची घड्याळे बंदच असतात म्हणायची,’ असे हे खुशीत म्हणाले. त्या बोलण्याची लाज आम्हाला दोन दिवसांनी वाटायची होती.

आम्ही उतरलो तो दिवस शहराचा संरक्षक संत पेत्रोनियो याचा सण निघाला. चौकात गर्दी होती, आमच्या गल्लीतली किराणा दुकाने बंद होती, आणि पहिल्या रात्रीचे जेवण पुण्याहून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवर झाले. खाद्यनगरीतला हा श्रीगणेशा यांना फारसा रुचला नाही. परक्या शहरात महिनाभर राहायला जाणाऱ्यांनी पोहोचण्याच्या दिवशी तिथे स्थानिक सुट्टी नाही ना, एवढे आधी पाहून ठेवावे.

संध्याकाळी पाऊस आला आणि छत्री पिशवीतच राहिली. बोलोन्यातले पदपथ छपराखालून जातात. घरांचे वरचे मजले खांबांवर पुढे काढलेले असतात आणि त्यांच्याखालून माणसे चालतात. या ‘पोर्तिकों’ची एकूण लांबी बासष्ट किलोमीटर भरते आणि २०२१ साली त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मला ती पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या ओसऱ्यांची एक न संपणारी रांगच वाटली. पुढच्या महिनाभरात पावसामुळे आमची एकही चक्कर चुकली नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

शाळा सकाळी नऊ ते एक. वर्गात आम्ही धरून सात जण : एक जपानी आचारी, एक ब्राझीलचा तरुण, दोन जर्मन बहिणी आणि एक इंग्रज गृहस्थ. आमच्या बाई पस्तिशीच्या असतील. पहिल्याच तासाला त्यांनी बजावले की दाराबाहेरच्या खुंटीवर कोटासोबत इंग्रजीही अडकवून आत यायचे.

आधी मी टिपणे रोमन लिपीत घेत होते आणि दर शब्दाला इंग्रजी सवय आडवी येत होती. ‘सी-एच’ दिसले की जीभ ‘च’कडे वळे, आणि इटालियनमध्ये नेमका त्याचा उच्चार ‘क’ होतो. म्हणून ते ब्रुस्केत्ता, आपण म्हणतो तसे ब्रुशेटा नव्हे. दुसऱ्या तासाला मी वहीचे पान उलटून सारे देवनागरीत लिहायला घेतले आणि गाठ सुटत गेली. त यांचा आपल्यासारखाच दाताला जीभ लावून, द तसाच. ‘ग्रात्सिए’मधला ध्वनी ‘चाक’मधल्या ‘च’चा आणि ‘चाओ’मधला ‘चार’मधल्या ‘च’चा, हा फरक जन्मतः येतो असे बाईंना सांगायला मला पुढे तीन आठवडे लागले. जोडाक्षरांचे तर विचारूच नका. ‘नोनो’ म्हणजे नववा आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. वय सांगताना ‘आन्नी’ म्हणजे वर्षे या शब्दातला एक ‘न’ गिळला, तर चारचौघांत उच्चारू नये अशा अवयवाचे नाव होते. इंग्रज गृहस्थांनी आपले वय सांगितले तेव्हा बाईंनी छताकडे पाहिले. ‘पता’ आणि ‘पत्ता’ वेगळे ऐकणाऱ्या कानांना हा घोटाळा होत नाही.

त्याच दिवशी घड्याळाचाही उलगडा झाला. वेळ सांगण्याचा सराव चालू असताना यांनी स्टेशनवरचे बंद घड्याळ उदाहरणादाखल घेतले. बाई क्षणभर थांबल्या आणि मग सोप्या शब्दांत, बोटांनी आकडे दाखवत त्यांनी सांगितले : २ ऑगस्ट १९८०, सकाळी दहा पंचवीस, प्रतीक्षालयात बॉम्बस्फोट, पंच्याऐंशी मृत. ते काटे मुद्दाम तसेच ठेवलेले आहेत. पुढे दर वेळी गाडी पकडताना हे त्या घड्याळाखाली थोडे थांबत.

८ ते १० ऑक्टोबर

दुपारी शाळा सुटली की मोठ्या चौकामागच्या जुन्या बाजारात, क्वाद्रिलातेरोच्या बोळांत शिरायचे असा परिपाठ पडला. मासळी, भोपळे, अळंब्या, चीजची चाके आणि छताला टांगलेल्या मांडीच्या तंगड्या. या शेवटच्या वस्तूंखालून मी मान खाली घालून जात असे, हे मान वर करून.

दुकानात आधी यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि आपला आकडा पुकारला जाईपर्यंत थांबायचे. या थांबण्यात मी आकडे शिकले. सेत्ते म्हणजे सप्त, ओत्तो म्हणजे अष्ट, असा संस्कृतचा धागा धरून शंभरापर्यंत गेले. आणि ‘क्वारान्तासेत्ते’ असा पुकारा होताच हात वर करणारी मी वर्गातली पहिली ठरले. वजनासाठी ‘एत्तो’ हा एकच शब्द पाठ करावा. तो शंभर ग्रॅमचा. दोन एत्ती, तीन एत्ती म्हटले की काम भागते. शाकाहाऱ्यांसाठी आणखी एक : इथे ‘पेपेरोनी’ म्हणजे ढोबळी मिरची. पिझ्झाच्या यादीत ते नाव दिसले तर दचकू नये, उलट तेच मागवावे.

कॉफी काउंटरपाशी उभे राहून प्यायची. दीड युरोच्या आसपास काम होते. तीच बसून घेतली की दर वाढतो. दुपारच्या जेवणानंतर कापुच्चिनो मागितली तर कोणी नाही म्हणत नाही, पण भुवया हलतात. खाणावळींची स्वयंपाकघरे दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात आणि साडेसातला पुन्हा उघडतात. चार वाजता भूक लागणाऱ्या मराठी पोटाने पिशवीत काहीतरी ठेवलेले बरे.

रविवार, १२ ऑक्टोबर

सान लुकाचे देऊळ शहराच्या नैऋत्येला टेकडीवर आहे आणि सारागोत्सा वेशीपासून देवळाच्या दारापर्यंत छपराखालून चालता येते. ६६६ कमानी, सुमारे पावणेचार किलोमीटर, त्यातला उत्तरार्ध सगळा चढाचा. १६७४ साली काम सुरू झाले. १४३३ मध्ये पाऊस थांबेना तेव्हा लोकांनी वरची मरियमेची प्रतिमा मिरवत शहरात आणली आणि पाऊस उघडला, अशी श्रद्धा आहे; तेव्हापासून दर वर्षी मे महिन्यात ती खाली येते आणि काही दिवसांनी परत जाते. कमानी बांधल्या त्या या पालखीच्या वाटेसाठी. पाऊस यावा म्हणून देवाला पाण्यात ठेवणाऱ्या मुलखातून आलेल्या मला, पाऊस जावा म्हणून बाहेर काढलेली देवी पाहून गंमत वाटली.

यांची रोजची पर्वती इथे कामी आली. वाटेत धावणारे तरुण, जपमाळ ओढत चढणाऱ्या बायका आणि दर पन्नास कमानींना थांबून आम्हाला ‘कोराज्जो!’ म्हणजे ‘हिंमत धरा!’ असे सांगणारे एक वृद्ध गृहस्थ होते. ते स्वतः धापा टाकत होते. वर पोहोचल्यावर त्यांनी विचारले, ‘दी दोवे सिएते?’ कुठले तुम्ही? मी महिनाभरासाठी पाठ केलेले पहिले पूर्ण वाक्य खर्ची घातले : आम्ही भारतातले, पुण्याचे, आणि आम्ही इटालियन शिकतो. त्यांनी टोपी काढली. उतरताना छोटी आगगाडीसारखी गाडी मिळते, पण गुडघे ठीक असतील तर चालतच यावे.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आता त्या फजितीकडे येते. एका नावाजलेल्या खाणावळीत आम्ही गेलो. मी आत्मविश्वासाने ‘सेन्त्सा कार्ने’, मांसाशिवाय, असे म्हणून तोर्तेल्लिनी मागितल्या. वेटरने मान डोलावली. समोर आला तो सोनेरी रश्श्याचा वाडगा, त्यात करंगळीच्या पेराएवढ्या, नाभीच्या आकाराच्या घड्या. मी एक चमचा तोंडात घातला आणि यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. हे खाली पाहून म्हणाले, ‘अगं, हे भाजीचे पाणी वाटत नाही.’

तो कोंबडीचा आणि गोमांसाचा रस्सा होता आणि घड्यांत डुकराचे मांस होते. वेटरला बोलावले तेव्हा तो खरोखरच चकित झाला. वर मांसाचे तुकडे घातलेले नाहीत, म्हणजे ते मांसाशिवायच, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितले तेव्हा बाईंनी तो सगळा तास मलाच बहाल केला. फळ्यावर त्यांनी दोन शब्द लिहिले, तोर्तेल्लिनी आणि तोर्तेल्लोनी. ‘ईनी’ हा प्रत्यय लहानपणाचा आणि ‘ओनी’ मोठेपणाचा. लहान त्या नेहमी मांसाच्या. त्यांची कृती १९७४ साली अधिकृतपणे नोंदवून ठेवलेली आहे आणि त्यात डुकराची कंबर, प्रोश्शुत्तो (डुकराच्या मांडीचे खारवलेले मांस) व मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचे जाड सॉसेज) आहे. मोठ्या त्या बहुधा रिकोत्ता चीजच्या, लोणी आणि सेजच्या पानांत परतलेल्या. एका स्वराचे अंतर आणि माझा धर्म त्यात बुडाला होता.

मग आम्ही सर्वांनी मिळून माझ्यासाठी एक वाक्य घडवले : मी मांस खात नाही, मासे खात नाही, प्रोश्शुत्तो खात नाही, मांसाचा रस्सा खात नाही आणि ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराची चरबी, तीही खात नाही. ही पाचही नावे वेगवेगळी घ्यावीत. ‘क्रेशेन्तीने’ या तळलेल्या पुऱ्यांत आणि ‘पियादिना’ या पोळीत चरबी सर्रास असते. हे वाक्य मी घरी आरशासमोर, पोर्तिकोखाली, जिन्यात घोकले. आणि आमच्या वर्गात सर्वांत आधी अस्खलित वाक्य कोणी बोलले असेल तर ते मी, कारण यांचे काम बोटाने दाखवून भागत होते.

त्याच आठवड्यात मला आवडीचे क्रियापद सापडले. ‘मी प्याचे’ हे कानाला ‘मी प्यायचे’ असे वाटते, पण त्याचा अर्थ ‘मला आवडते’. रचना हुबेहूब आपली : आवडणारी वस्तू कर्ता, आणि आपण ‘ला’ लावून बाजूला उभे. एक वस्तू आवडली तर ‘प्याचे’, अनेक आवडल्या तर ‘प्याच्योनो’, आवडते, आवडतात. इंग्रज गृहस्थ आणि जर्मन बहिणी आठवडाभर इथे अडखळत होत्या आणि आम्ही दोघे तोर्तेल्लोनींपासून चेस्टनटपर्यंत सगळे आवडवून मोकळे झालो. ‘मी गेले’ म्हणताना बाईने ‘आंदाता’ आणि पुरुषाने ‘आंदातो’ म्हणायचे, हेही ‘गेले’ आणि ‘गेलो’ म्हणणाऱ्यांना शिकवावे लागत नाही. इंग्रजीच्या दारातून आत शिरायचा हट्ट सोडला तर मराठी माणसाला ही भाषा बरीच ओळखीची लागते.

शनिवार, १८ ऑक्टोबर

शाळेने मोदेनाकडच्या एका चीज कारखान्याची सहल ठेवली होती. पहाटे निघालो, कारण पार्मिजानो रेज्जानो सकाळीच बनते आणि गायी रविवार पाळत नसल्याने आठवड्याचे सातही दिवस बनते. आदल्या संध्याकाळचे साय काढलेले दूध आणि सकाळचे अख्खे दूध तांब्याच्या उलट्या घंटेसारख्या कढईत एकत्र करतात. एका कढईतून दोन चाके निघतात, जुळी. एका चाकाला साधारण साडेपाचशे लिटर दूध लागते आणि ते चाळीस किलोच्या आसपास भरते. दही मोडून, तापवून, तळाशी बसलेला गोळा दोघे जण कापडात धरून वर घेतात तेव्हा मला आईचा चक्क्याचा गाठोडा आठवला. पुढे मिठाच्या पाण्यात तीनेक आठवडे आणि मग फळ्यांवर किमान बारा महिने. एक माणूस लहान हातोडीने चाकांवर टकटक करून कान देत होता. आत पोकळी असेल तर आवाज बदलतो. बाजारात नारळ वाजवून घेणाऱ्या यांना तो फार जवळचा वाटला.

कढई धुणारे गृहस्थ पंजाबचे निघाले. पो नदीच्या या सपाट मुलखात गोठ्यांतून आणि चीजच्या कारखान्यांतून पंजाबी मंडळी गेली कित्येक वर्षे काम करत आहेत, आणि जवळच नोव्हेल्लाराला २००० साली उघडलेला मोठा गुरुद्वाराही आहे. हे त्यांच्याशी हिंदीत बोलू लागले. मी मात्र हट्टाने इटालियनमध्ये विचारले की दूध कशाने जमवता. ‘काल्यो,’ ते म्हणाले, आणि माझा चेहरा कोरा पाहून हिंदीत उतरले : ‘बछड़े के पेट से निकलता है, बहनजी.’ दोन आठवडे मी जे चीज रोज किसून खात होते, ते वासराच्या जठरातल्या द्रव्याने जमवलेले होते. कडक शाकाहारी वाचकांनी हे आधीच जाणून असावे. मी काय केले, ते प्रामाणिकपणे सांगते : तीन दिवस सोडले, चौथ्या दिवशी पुन्हा किसले.

परतताना एका घराच्या माळ्यावर बाल्सामिक व्हिनेगारची पिंपे पाहिली. द्राक्षाचा आटवलेला रस लहान लहान होत जाणाऱ्या पिंपांतून दर वर्षी पुढे सरकवतात. पारंपरिक प्रकाराला किमान बारा वर्षे लागतात, ‘एक्स्त्राव्हेक्यो’ला पंचवीस. मुलगी जन्मली की नवी पिंपे मांडायची जुनी रीत घरमालकिणीने सांगितली. थेंबभर जिभेवर ठेवले. चिंचगुळाच्या घट्ट कोळाशी त्याचे दूरचे नाते असावे.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. बांगलादेशी वाण्याकडून पोहे आणि डाळे आणून मी चिवडा केला होता. पुण्याहून नेलेल्या चार पणत्या खिडकीच्या कठड्यावर लावल्या. थोड्या वेळाने दार वाजले. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई, सारा वाडा त्यांना ‘नोन्ना’ म्हणे, काळजीने वर आल्या होत्या : वीज गेली का? मग जे जमेल त्या इटालियनमध्ये दिवाळी सांगितली. दिव्यांचा सण, रात्री चंद्र नसतो, देवी घरी येते, पैसे आणते. ‘पैसे? दर वर्षी?’ त्यांनी विचारले. ‘दर वर्षी येते,’ मी म्हणाले, ‘आणते असे नाही.’ विनोद परक्या भाषेत पोहोचला आणि नोन्ना हसल्या, तेव्हा मला परीक्षेत पहिली आल्यासारखे वाटले. त्यांनी चिवडा चिमटीने, एकेक पोहा वेचत खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी वाटी परत केली ती अंगणातल्या झाडाची चार पिकली पर्सिमन फळे घालून. रिकामी वाटी परत न करणाऱ्या लोकांशी आपले जमतेच.

या अंगणातच यांची प्रसिद्धी झाली होती. भाऊबिजेला नगरच्या काकांना फोन लावून हे मोठ्या आवाजात ‘काका! हॅलो, काका!’ करत होते, आणि नोन्नांचा सहा वर्षांचा नातू पायरीवर लोळून हसत होता. बाईंना विचारले तेव्हा कळले की ‘काक्का’ हा तिथल्या बालभाषेत शीचा शब्द. यांनी त्यानंतर फोन घरातून करायचे ठरवले, पण उशीर झाला होता.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

पास्ता लाटायचा वर्ग. इथल्या पास्ता लाटणाऱ्या बायकांना ‘स्फोलीना’ म्हणतात आणि त्यांचे लाटणे, ‘मात्तारेल्लो’, हातभराहून लांब असते. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडे, पाणी नाही. मळून अर्धा तास झाकून ठेवायचे. इथवर मी घरच्यासारखी होते. चाळीस वर्षे पोळ्या लाटलेल्या बाईला कोण काय शिकवणार, असा ताठा मनात होता आणि पहिल्या पाच मिनिटांतच स्फोलीनाबाईंनी माझे मनगट धरले. मी दाबत होते. इथे दाबायचे नसते; कणीक लाटण्याभोवती गुंडाळून तळव्यांनी बाहेरच्या बाजूला ओढत न्यायची आणि सारी एकच, टेबलाएवढी पोळी करायची. माझी दोनदा फाटली. जन्मात लाटणे न धरलेल्या यांची मात्र अखंड निघाली, कारण यांच्या हाताला मोडायला कुठली सवयच नव्हती. पोळी उजेडाकडे धरून पलीकडचे सान लुका दिसले पाहिजे, अशी तिथली म्हण आहे. यांच्या पोळीतून खिडकी तरी दिसली.

मग तालियातेल्ले कापल्या. शिजल्यावर त्यांची रुंदी आठ मिलिमीटर भरावी, असे १९७२ साली बोलोन्याच्या व्यापारी मंडळात रीतसर नोंदवले आहे आणि नमुना म्हणून सोन्याची पट्टीही ठेवली आहे. ही रुंदी म्हणजे आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. सत्त्याण्णव मीटरचा तो मनोरा आम्हाला चढता आला नाही. शेजारच्या झुकलेल्या गारिसेंदाच्या बळकटीकरणासाठी २०२३ च्या ऑक्टोबरपासून दोन्ही बंद आहेत. ट्रामसाठीही ठिकठिकाणी खणलेले होते. मेट्रोच्या पत्र्यांमधून वाट काढलेल्या पुणेकरांना त्याचे काही वाटू नये. ज्यांना मांस चालते त्यांनी रागू, म्हणजे खिम्याचा दाट रस्सा, याच तालियातेल्लेंवर खावा. ‘स्पॅगेटी बोलोनेज’ या शहरात मागू नये.

शनिवार, २५ ऑक्टोबर

रावेन्नाला जायला बोलोन्याहून प्रादेशिक गाडीने सव्वा तास लागतो. कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात ते छापून घ्यावे, नाहीतर दंड होतो. लुगो स्टेशन सोडले आणि हे खिडकीशी जाऊन उभे राहिले. पुढच्या काही मिनिटांत गवताळ बांधांच्या मधून वाहणारी एक अरुंद, मातकट नदी आली आणि मागे गेली. ती सेनियो. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीने याच नदीच्या बांधावर हल्ला केला होता. नगर जिल्ह्यातल्या निमजचे तेवीस वर्षांचे शिपाई नामदेव जाधव यांनी आपल्या दोन जखमी माणसांना एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणले, मग एकट्याने शत्रूच्या तीन मशिनगन बंद पाडल्या आणि बांधावर उभे राहून शिवाजी महाराजांचा जयघोष करत बाकीच्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे नगरचे असल्यामुळे ही गोष्ट यांनी शाळेत असताना ऐकलेली. नदी बघायला साठी उलटावी लागली. डब्यातल्या समोरच्या बाईंना यांनी आपल्या तुटक इटालियनमध्ये ती सांगितली, भूतकाळाची रूपे चुकवत, पण सगळी. त्या म्हणाल्या, त्यांच्या आजीला पगडीवाले सैनिक आठवत असत. पुढे फोर्लीला भारतीय सैनिकांची वेगळी दफनभूमी आणि दहन केलेल्यांचे स्मारक आहे असेही त्यांनी सांगितले. आम्हाला तिथे जायला वेळ उरला नाही, ही या प्रवासातली एक उणीव राहिली.

रावेन्नातल्या, गाल्ला प्लाचिदिया या रोमन राजकन्येच्या नावाच्या छोट्या समाधिगृहात शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला थोडा वेळ लागतो, आणि मग वरचे निळे आभाळ आणि त्यातले सोनेरी तारे हळूहळू उजळत येतात. दीड हजार वर्षांपूर्वीचे काचतुकडे आहेत ते. गर्दी टाळण्यासाठी आत पाचच मिनिटे थांबू देतात. तेव्हा फोटो न काढता मान वर करून उभे राहावे. दुपारी एका टपरीवर मी माझे पाच नकारांचे वाक्य म्हटले. टपरीवाली ‘स्त्रुत्तो’ या शब्दापाशी थांबली, आत गेली आणि ऑलिव्ह तेलातली पियादिना वेगळ्या तव्यावर भाजून घेऊन आली, आत मऊ स्क्वाक्वेरोने चीज आणि कडवट रुकोला भरून. आमच्या भाकरीच्या जवळपास जाणारी ती पहिली परदेशी पोळी.

त्या रात्री घड्याळे एक तास मागे गेली. आम्हाला पत्ताच नव्हता आणि रविवारी सकाळी बंद कॉफीच्या दुकानासमोर आम्ही तासभर उभे होतो.

२७ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर

शेवटच्या आठवड्यात धुके उतरले. सकाळी पोर्तिकोच्या पुढच्या कमानीपलीकडचे दिसेनासे झाले, आणि फेर्राराला भोपळ्याच्या कापेल्लाच्ची खायला गेलो तो किल्ला खंदकाच्या कडेला पोहोचेपर्यंत सापडला नाही. जायफळ घातलेले ते गोडसर सारण मला इतके आवडले की मी दोनदा मागवले. शाकाहाऱ्यांनी बोलोन्यात उतरावे आणि जेवायला फेर्राराला जावे, असे माझे मत झाले आहे. वर्गाच्या शेवटी छोटी परीक्षा झाली. आम्ही दोघांनीही पहिली पायरी ओलांडली; लेखी परीक्षेत हे माझ्या पुढे, तोंडीत मी यांच्या.

मात्तारेल्लो बॅगेत मावेना. तिरपे घालून पाहिले, यांनी करवतीचाही विषय काढला. शेवटी ते नोन्नांकडे ठेवून आले, ‘पुढच्या वेळेपर्यंत’ हे भविष्यकाळी रूप बरोबर वापरून. त्यांनी आमच्या हातात निर्वात पिशवीत बंद केलेला पार्मिजानोचा तुकडा दिला आणि दोन्ही गालांना गाल लावले. आम्ही बॅगा ओढत अंगणातून निघालो तेव्हा नातू पायरीवर उभा होता. नोन्नांनी त्याला आधीच दटावलेले दिसत होते, कारण त्याने ओठ घट्ट मिटून नुसता हात हलवला. आम्ही कमानीखाली वळलो आणि मागून खणखणीत आवाज आला, ‘चाओ, काक्का!’ हेही वळले, हात उंचावला आणि म्हणाले, ‘चाओ, नोन्नो!’

पोराने तत्काळ दुरुस्त केले की नोन्नो यांनाच म्हणायला हवे, तो तर सहाच वर्षांचा आहे. ‘आन्नी’मधले दोन्ही ‘न’ त्याने अगदी स्वच्छ उच्चारले.